कुऱ्हाडीविना हिंसा

कांदिवली पश्चिमेला, चारकोपच्या वसाहतीपलीकडे, खाडीच्या दिशेने तिवरांचे रान पसरलेले आहे. या रानाविषयी वाद होतो तो बहुधा संख्येचा: किती झाडे तोडली, किती उरली, किती नवी लावणार. संख्या महत्त्वाची आहेच, पण तिच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो धर्मविचाराचा आहे. समजा, एकाही झाडावर कुऱ्हाड पडली नाही. फक्त भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली, किंवा आत आलेले पाणी बाहेर पडेनासे झाले, आणि काही हंगामांत ते रान उभ्याउभ्या वाळले. तर हिंसा झाली का? झाली असेल तर ती कोणाच्या माथी? अशा वेळी झाडे वाळल्याची नोंद होते आणि विषय तिथेच मिटतो, कारण मारणारा कोणी दिसत नाही. माझे म्हणणे असे की ही हिंसाच आहे, आणि तोडण्याच्या हिंसेपेक्षा ती सौम्य नाही. हे मी कायद्याच्या किंवा केवळ उपयुक्ततेच्या आधारावर म्हणत नाही. ज्या परंपरांनी अहिंसेचा सर्वांत बारकाईने विचार केला, त्यांच्याच निकषांवर हे सिद्ध होते, असे मला वाटते.

आधी पाण्याचे आणि वनस्पतींचे नाते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पोयसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते, कांदिवली पूर्वेच्या वस्त्यांतून वाहत महामार्ग आणि रेल्वेखालून पश्चिमेला येते आणि मालाडच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाजवळच्या सखल जमिनीवर दोन पाण्यांची सत्ता चालते. पावसाळ्यात डोंगरावरून गोडे पाणी गाळ घेऊन उतरते, आणि वर्षभर दिवसातून दोनदा खाडीतून खारे पाणी चढते. हे चढणेही रोज सारखे नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या वर जाते, तर अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ते बरेच खाली राहते. त्यामुळे इथे जमिनीच्या उंचीतला वीतभर फरकसुद्धा कोणती वनस्पती जगेल हे ठरवतो. खाडीच्या अगदी कडेला, जिथे रोज पाणी येते, तिथे चिपी आणि कांदळ उभे राहू शकतात. त्यामागच्या विस्तीर्ण पट्ट्यात तिवर असते. गोड्या पाण्याचा अंश लाभतो तिथे मारांडी दिसते. फक्त उधाणाचे पाणी पोचणाऱ्या उंचवट्यांवर मांसल पानांच्या, खारट मातीत रुजणाऱ्या बुटक्या वनस्पती असतात. आणि खाऱ्या पाण्याची सत्ता संपते तिथून वर लव्हाळे, पाणकणीस, देवनळ यांचा प्रदेश सुरू होतो. ही रचना कोणी आखून दिलेली नाही. पाणी किती चढते, किती वेळ थांबते आणि किती दिवसांनी परत येते, या तीन गोष्टींनी ती घडवली आहे.

आता त्यातली एक गोष्ट बिघडली तर काय होते ते पाहा. तिवराच्या मुळांभोवतीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून त्याची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी आपल्या सालीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. भरतीने ती बुडतात आणि ओहोटीने मोकळी होतात. बांध घातल्यामुळे किंवा मोरी तुंबल्यामुळे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिले, तर मुळांचा श्वास कोंडतो आणि झाड मरते. उलट भरतीची वाटच बंद झाली, तर उन्हाळ्यात मातीतले पाणी उडून जाते, मीठ मागे उरते आणि ते साचत जाते. तिवराच्या पानांना जादा मीठ बाहेर टाकता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. मातीला भेगा पडतात, पाण्यावर तरंगत येणारे बीज पोचत नाही, आणि जुनी झाडे गेल्यावर नवी उगवत नाहीत. तिसरी शक्यता अधिक फसवी आहे. राडारोडा टाकून जमीन उंचावली, वरून सांडपाणी येत राहिले आणि खारे पाणी मात्र थांबले, तर त्या जागी पाणकणीस आणि जलपर्णी माजते. दुरून पाहणाऱ्याला हिरवळ दिसते आणि तो समजतो की सगळे ठीक आहे. या तिन्ही प्रकारांत कुठेही तोडीची खूण सापडत नाही. कृती आणि मृत्यू यांच्यात इतका काळ जातो की कार्यकारणाचा धागा हरवतो.

या नात्याचा पुरावा उलट दिशेनेही मिळतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात रॉय लुईस या शास्त्रज्ञाने उजाड झालेल्या कांदळवनांच्या पुनरुज्जीवनाचे जे काम केले, त्याचा गाभा झाडे लावणे हा नव्हता. भराव काढून जमिनीची उंची पूर्ववत करायची, पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या आणि भरती-ओहोटीला तिचे काम करू द्यायचे, एवढेच त्यांचे तंत्र होते. बीज पाण्याबरोबर आपोआप आले आणि रान उभे राहिले. याच्या विरुद्ध, फिलिपिन्समध्ये मोठ्या प्रमाणावर लावलेली रोपे अनेक ठिकाणी जगली नाहीत, कारण ती चुकीच्या उंचीवर, फार वेळ पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावली होती. नद्यांच्या पूरमैदानांविषयी युंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी १९८९ साली हेच तत्त्व व्यापक स्वरूपात मांडले: पुराचे नियमित चढणे-उतरणे हीच तिथल्या जीवसृष्टीची मुख्य प्रेरक शक्ती असते. यावरून एक निष्कर्ष टाळता येत नाही. पूरजमिनीतल्या वनस्पतीचे जीवन तिच्या बुंध्यात आणि पानांतच संपत नाही. पाण्याची लय हा तिच्या जगण्याचा घटक आहे, जसा श्वास हा आपल्या जगण्याचा घटक आहे. लय तोडणे हे जीवन तोडणेच आहे.

इथे जैन विचाराकडे वळणे मला अपरिहार्य वाटते. ज्या उपनगरात देरासरे आणि उपाश्रय वस्तीचा नित्याचा भाग आहेत, तिथे तर हा विचार परका नाही. जैन दर्शन वनस्पतीला जीव मानते, आणि पाणी व पृथ्वी यांनाही जीवकाय मानते. वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेली. अशा जीवाला चार प्राण सांगितले आहेत: स्पर्शेंद्रिय, कायबल, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना शस्त्राचा उल्लेख येत नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, प्राणांचा वियोग घडवणे ही हिंसा, असा तिचा आशय आहे. श्वसनमुळे बुडवून टाकणारे साचलेले पाणी ज्याने निर्माण केले, त्याने कुऱ्हाड उचलली नसेल, पण प्राणांपैकी एकाचा वियोग घडवला हे निश्चित. त्याच ग्रंथात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यात छेदन आणि पाणी रोखणे यांना स्वतंत्र, एकाच पंक्तीत स्थान आहे, हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. तोडले नाही म्हणून निर्दोष ठरण्याची पळवाट या यादीने आधीच बंद केली आहे.

यावर एक जाणकार आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. अणुव्रत हे गृहस्थाचे व्रत आहे. त्यात मुख्यतः हालचाल करणाऱ्या त्रस जीवांच्या हिंसेचा त्याग अभिप्रेत आहे. स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रानेच मान्य केले आहे. शेती, स्वयंपाक, घरबांधणी यांत ती होणारच. मग अन्नपाणी रोखण्याचा नियम तिवराला लावणे ही ओढाताण नव्हे काय? याचे उत्तर त्याच परंपरेत आहे. गृहस्थासाठी अनर्थदंडविरती नावाचे आणखी एक व्रत सांगितले आहे: ज्या हिंसेने कोणतेही खरे प्रयोजन साधत नाही ती टाळावी. तिचा एक प्रकार प्रमादचर्या, आणि तिच्या स्पष्टीकरणात आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारासारख्या ग्रंथांत विनाकारण जमीन खणणे, पाणी ढवळणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश होतो. म्हणजे स्थावर जीवांच्या बाबतीत गृहस्थाला दिलेली सूट ही गरजेपुरती आहे, बेपर्वाईपुरती मुळीच नाही. तुंबलेली मोरी कोणाच्याही पोटासाठी तुंबलेली नसते. रस्त्याखाली पाण्यासाठी पुरेशी वाट न ठेवल्याने कोणाचे घर उभे राहत नाही. पूरजमिनीतला मोठा विनाश असा प्रयोजनशून्य आहे, आणि म्हणूनच तो क्षम्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिक माणसाचा. वनस्पतीला मज्जासंस्था नाही, तिला वेदना होत नाहीत. ज्याला वेदना नाही त्याच्यावर अन्याय कसा होणार? महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भारद्वाज यांच्या संवादात हाच वाद आला आहे. भारद्वाजाच्या शंकेला उत्तर देताना भृगू वृक्षांना स्पर्श, श्रवण, गंध यांची जाण असते असे एकेक निरीक्षण देऊन सांगतो. ते मुळांनी पाणी पितात, हेही त्याच्या प्रमाणांत आहे. तरी माझा युक्तिवाद वेदनेवर मी टांगत नाही. वेदना नसली तरी हित असू शकते. दगडाला पाणी मिळाले काय आणि न मिळाले काय, त्याचे काही चांगले-वाईट होत नाही, तिवराचे होते. ते वाढते, मीठ बाहेर टाकते, श्वासासाठी मुळे वर काढते, आपले बीज झाडावरच अंकुरू देऊन मग पाण्यात सोडते. त्याच्या साऱ्या क्रियांना एक रोख आहे आणि तो रोख जगण्याकडे आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ पॉल टेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिस्पेक्ट फॉर नेचर’ या ग्रंथात प्रत्येक सजीव आपल्या परीने आपले हित साधणारे एक केंद्र असतो, असे मांडले. ज्याचे स्वतःचे हित आहे, त्याचे अहित करता येते. आणि ज्याचे अहित करता येते, त्याच्याविषयी आपल्याला काहीच कर्तव्य नाही, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे आणि तो बौद्ध विचारातून येतो. बुद्धांनी कर्माचा गाभा चेतनेत, हेतूत पाहिला. मज्झिम निकायातल्या उपाली सुत्तात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, मताशी त्यांचा वाद आहे तो याच मुद्द्यावर: कायेचे कर्म अधिक दोषास्पद की मनाचे? बुद्धांचा कौल मनाच्या बाजूने आहे. मग खाडीवर बांध घालणाऱ्याच्या मनात तिवरे मारण्याचा हेतू नव्हता, त्याला फक्त रस्ता किंवा भिंत हवी होती, तर हिंसेचा दोष कसला? पण ज्या परंपरेने हेतूला एवढे महत्त्व दिले, तिनेच असा एक नियम केला, जो हेतूच्या पलीकडे जातो. पावसाळ्यात भिक्षू फिरत राहतात, कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाचा नियम झाला, असे विनयपिटकाच्या महावग्गात नमूद आहे. भिक्षूंच्या मनात गवत मारण्याचा हेतू नव्हता. तरी परिणाम कळल्यावर त्यांना थांबायला सांगितले गेले. पोयसर ज्या डोंगरात उगम पावते, त्याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत, आणि तिथे शतकानुशतके भिक्षूंनी वर्षावास केला. जैन साधूंचा चातुर्मासही याच जाणिवेतून आला. या आचारांत एक मोठे तत्त्व दडलेले आहे: पाण्याने जीवनाची जी वेळ ठरवली आहे, तिच्यापुढे माणसाने आपली घाई आवरावी. आणि जोवर परिणाम ठाऊक नव्हता तोवर हेतूचा बचाव चालत असेल; ठाऊक झाल्यानंतर तीच कृती चालू ठेवणे हा हेतूच ठरतो. भरती अडवली की खाडीकाठचे रान मरते हे आज कोणालाही अज्ञात नाही.

चौथा आक्षेप माणसाचा आहे, आणि त्याला सर्वाधिक आदराने उत्तर दिले पाहिजे. मुंबई भरावावर उभी आहे. बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीच्या टेकडीचा मुरूमही रेल्वेने नेला गेला. चारकोप ही तर जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात आखलेल्या गृहयोजनेतून वाढलेली वसाहत. ती नसती तर बेताच्या मिळकतीच्या हजारो कुटुंबांना या शहरात स्वतःचे छप्पर मिळाले नसते. अशा माणसांना तिवराचे हित सांगणे हा पोट भरलेल्यांचा धर्म नव्हे काय? मी हे मान्य करतो की निवारा ही खरी गरज आहे आणि वर मांडलेल्या निकषानेही तिला वनस्पतीच्या हितापेक्षा अग्रक्रम मिळू शकतो. पण गरज आणि बेपर्वाई यांतली रेषा इथेच काटेकोरपणे ओढली पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरतीची वेळ आली, आणि पाण्याला पसरायला जागा न उरल्याने ते घरांत शिरले. सखल वस्त्यांतल्या गरिबांनी त्याची सर्वांत मोठी किंमत मोजली. पूरजमिनीचे पाणी कोंडणारा निर्णय बहुधा गरिबाने घेतलेला नसतो, आणि त्याचा लाभही क्वचितच त्याच्यापर्यंत पोचतो. तरीही रान पुरापासून वाचवते एवढ्याच कारणासाठी ते राखावे, असे मी म्हणणार नाही. तो आधार अपुरा आहे: उद्या कोणी तेवढेच पाणी अडवणारी भिंत बांधली, तर त्या तर्काने रानाचा हक्क संपतो. माणसाचे हित आणि रानाचे हित इथे एकाच दिशेला आहेत हे आपले भाग्य, पण रानाचा हक्क त्या भाग्यावर अवलंबून नाही.

शेवटचा आक्षेप निसर्गाचाच दाखला देतो. नद्या पात्र बदलतात, खाड्या गाळाने भरतात, पाणी कधीच स्थिर नव्हते; मग माणसाने केलेल्या बदलाचाच एवढा बाऊ का? शिवाय काही तिवरे पूर्वीच्या मिठागरांवर आणि खाजणांवर नंतर उगवलेली आहेत, ती कसली आदिम? हक्क प्राचीनतेवर अवलंबून नसतो, हे पहिले उत्तर. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमावर ब्रिटिश काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साचला, पाणी हंगामाप्रमाणे चढत-उतरत राहिले आणि नांदूरमधमेश्वरचे पाणथळ जन्माला आले, जे पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. माणसाचा हात लागला म्हणून जीवन संपत नाही. याच्या जोडीला भरतपूरच्या केवलादेवचा धडा आहे: १९८२ साली तिथे म्हशींची चराई बंद केली आणि पाण्यात एक गवत इतके माजले की पाणथळच गुदमरू लागले. म्हणून मी अस्पर्श राहण्याचा उपदेश करत नाही. तुकोबांच्या अभंगातला लव्हाळा महापुरात टिकतो हे मराठी मनाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दाखल्याला मी एवढेच जोडेन की नम्रतेने वाकणाऱ्या लव्हाळ्याला पूर मारत नाही, पण पूर येणेच थांबले, किंवा आलेले पाणी ओसरलेच नाही, तर त्याची नम्रता त्याला वाचवू शकत नाही. दुसरे उत्तर असे की निसर्गातले बदल वनस्पतींना सरकायला वेळ आणि जागा देतात. खाडीचा गाळ सरकला तर तिवरही त्याच्यामागे सरकते. एका बाजूला भराव आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीटची संरक्षक भिंत उभी राहिली, तर त्याला जायला जागाच नसते.

या सगळ्यावरून आपल्या कर्तव्याचे स्वरूप बदलते. एका ठिकाणची झाडे गेली तर दुसरीकडे तेवढी किंवा दुप्पट लावू, ही भरपाईची भाषा हिंसेला संख्येत मोजते. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या नियोजित किनारी रस्त्याच्या निमित्ताने ती या परिसरात वारंवार कानी येते. पण पाण्याची लय उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही, आणि चुकीच्या उंचीवर लावलेले रोप हे प्रायश्चित्त होऊ शकत नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बांध घालून समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवण्यास आधीच मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असे ठरवले. म्हणजे कायद्याच्या शब्दांत ही जाणीव आहे. आपल्या आचारात ती उतरायची आहे. ती उतरवायची तर प्रत्येक रस्ता, पूल, भिंत आणि भराव यांना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे: यानंतर पाणी येईल का, थांबेल किती आणि परत जाईल का? तोडलेल्या झाडांची नोंद ठेवतो तशी मोऱ्यांची, उघाड्यांची आणि बुजलेल्या नाल्यांची नोंद ठेवली पाहिजे, आणि त्यांची मोकळीक राखणे हे सेवेचे, दानाचे, पर्युषणातल्या क्षमायाचनेइतकेच गंभीर धर्मकृत्य मानले पाहिजे. दयेपोटी पक्ष्यांना पाणी ठेवणाऱ्या आणि पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला ही अपेक्षा जड वाटू नये. ज्या जीवांचे पाणी आपण अडवले आहे त्यांना ते परत देणे, हे आपल्यावरचे ऋण आहे, आणि ते फेडण्याची रीत आपल्याला माहीत आहे: वाट मोकळी करणे.